दाण्यातलंच लोणी

मंद आचेवर भाजून निवलेला शेंगदाणा तळहातावर घेऊन अंगठ्यानं हलकेच चोळावा. तांबूस साल सुटते, दाण्याची दोन दळं विलग होतात आणि सोनेरी-तपकिरी रंगाबरोबर आपल्यापर्यंत पोचतो तो खरपूस गंध, जो कच्च्या दाण्यात नावालाही नव्हता. भुईमुगाचं पिवळं फूल जमिनीवर उमलतं, फळतं, मग त्याला आऱ्या सुटतात आणि त्या मातीत शिरून तिथे शेंग धरतात. उजेडात आरंभ आणि अंधारात परिपाक, असं हे दुहेरी आयुष्य जगलेला दाणा पुण्याजवळच्या मुळशीतल्या आपल्या स्वयंपाकघरात येतो, तेव्हा त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा आणि सुमारे पाव भाग प्रथिनांचा असतो. आजच्या व्हीगन पीनट बटर बिस्किटाचं सगळं रहस्य या दोन आकड्यांत साठलेलं आहे.

ते उलगडतं मिक्सरच्या भांड्यात. पहिल्या फेऱ्यांत होतं ते आपलं रोजचं कूट, खिचडीत आणि कोशिंबिरीत पडणारं, चिरपरिचित. मराठी हात इथेच थांबायचा. पण आज आपण थांबत नाही. कूट भांड्याच्या कडांना चिकटतं, ते खाली ओढून पुन्हा फिरवावं. त्याचा घट्ट गोळा होतो, आता काही व्हायचं नाही असं वाटू लागतं, आणि नेमक्या त्याच क्षणी तेल सुटतं. गोळा सैलावतो, त्याच्यावर तकाकी चढते आणि वरून एक थेंबही न घालता पीनट बटर तयार होतं. दाण्यानं स्वतःच स्वतःला दिलेली ही स्निग्धता चमच्यावरून सावकाश ओघळताना पाहणं, हाच या कृतीतला पहिला आस्वाद.

पुण्याच्या परिसरात बिस्किट म्हटलं की जीभ लोण्याचीच वाट पाहते. ईस्ट स्ट्रीटवरच्या, १९५५ सालापासूनच्या कयानी बेकरीच्या श्रुसबेरी बिस्किटांनी हा संस्कार पक्का केला. आणि पीठ, साखर, तूप घरून नेऊन बेकरीच्या भट्टीत नानखटाई भाजून आणणाऱ्या घरांनी तो त्याआधीच जपला होता. व्हीगन बिस्किटात दूध, लोणी, तूप, अंडं, मध यांपैकी काहीच नाही, हे ऐकताच आपल्या मनात उणिवांची यादी तयार होते. पण इथे काही वगळल्याची रिकामी जागाच उरत नाही. लोण्याचं काम दाण्याचं तेल करतं, अंड्याचं बांधणं त्यातली प्रथिनं आणि वितळून पुन्हा आळणारा गूळ मिळून निभावतात. उपासाच्या दिवशी गुळाबरोबर मूठभर दाणे तोंडात टाकणाऱ्या आपल्याला ही जोडी नवी थोडीच आहे?

वाटीभर पीनट बटरला पाऊण वाटी चिरलेला गूळ, वाटीभर कणीक, चिमूटभर मीठ, पाव चमचा खायचा सोडा आणि मळायला लागेल तेवढंच पाणी. गुळातला किंचित आम्लगुण सोड्याला जागवतो, म्हणून बिस्किट हलकं होतं. मीठ गोडव्याला धार देतं. मुळशी हा भाताचा मुलूख, तेव्हा दोन चमचे तांदळाची पिठी घालणं म्हणजे इथल्या खाचरांना त्यांचा मान देणं. पिठीत ग्लुटेन नसल्यानं खुसखुशीतपणाही वाढतो.

मळलेल्या पिठाचे छोटे गोळे करावेत आणि आता त्यांवर काट्यानं उमटवायची ती उभी-आडवी नांगरट. १९३०च्या दशकात अमेरिकी पाककृतींतून रुळलेल्या या नक्षीमागे साधं व्यवहारज्ञान आहे: दाण्याचं पीठ जड, ते उष्णतेनं आपणहून पसरत नाही, काट्यानं दाबलं की गोळा चपटा होऊन सारखा भाजतो. उंचवटे आधी तांबूस होतात, खाचा फिकट राहतात आणि एकाच घासात खरपूस आणि सौम्य अशा दोन्ही चवी लागतात. उपयुक्ततेच्या पोटी सौंदर्य जन्मल्याचं इतकं खाण्याजोगं उदाहरण विरळाच.

ओव्हनमध्ये १७० अंश सेल्सिअसवर सुमारे १२ मिनिटं. कडा रंगल्या की बाहेर काढावं. मधला भाग अजून मऊ असतो, त्याला बोट लावू नये. निवता निवता गूळ आळतो आणि अंग धरतो. पहिलं बिस्किट कोऱ्या चहाबरोबर मोडावं: आधी कट्कन आवाज, मग रवाळ चुरा, मग गुळाची खमंग गोडी आणि अखेरीस दाण्याची जिभेवर रेंगाळणारी स्निग्धता.

ताम्हिणी घाटाकडून पाऊस उतरत असताना मुळशीची हवा कशालाच कोरडं राहू देत नाही, आणि गूळ तर ओलाव्याचा मुळातच मित्र. डब्याचं झाकण किंचित सैल राहिलं तरी दुसऱ्या दिवशी बिस्किट नरमतं. याला बिघाड म्हणण्याची घाई करू नये. कुरकुरीतपणा ओसरतो, पण गूळ आणि दाणा एकमेकांत असे मुरतात की आदल्या दिवशी वेगवेगळ्या कळणाऱ्या चवी आता एकच होतात. पहिल्या दिवशीचं बिस्किट दातांचं, दुसऱ्या दिवशीचं जिभेचं. तेव्हा रसिकांनो, मोह कितीही झाला तरी सगळा डबा एकाच संध्याकाळी संपवू नका. अर्धा आनंद अजून मुरायचा आहे.