टेलोमरेजमधील प्रथिने : साहचर्य आणि कार्य

गुणसूत्रांची टोके पूर्ण करणाऱ्या टेलोमरेज या विकराचा शोध टेट्राहायमिना या एकपेशीय सजीवात लागला. कॅरोल ग्रायडर व एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी तो १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. त्या दोघींना जॅक शोस्टॅक यांच्यासह २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या यशाबरोबर विकरातील प्रथिनांच्या ओळखीचा इतिहासही चिकित्सकपणे पाहणे आवश्यक आहे.

१९९५ मध्ये टेट्राहायमिनातून पी-८० व पी-९५ ही प्रथिने विकराच्या आरएनएसोबत वेगळी झाली. त्यापैकी पी-९५ डीएनएशी व पी-८० आरएनएशी जोडले जाते असेही दिसले. त्यावरून ती टेलोमरेजचे घटक मानली गेली. परंतु सोबत आढळणे हा कार्याचा पुरावा नव्हे. १९९७ मध्ये योआखिम लिंग्नर, टॉमस चेक व सहकाऱ्यांनी यूप्लोटिसमधील पी-१२३ आणि यीस्टमधील ईएसटी-२ यांत रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजची लक्षणे दाखविली. ईएसटी-२ च्या क्रियास्थळी एकेक अमिनो आम्ल बदलताच यीस्टची टोके आखूड होत गेली. पुढे पी-८० व पी-९५ ची जनुके निकामी केलेल्या टेट्राहायमिनातही टेलोमरेजची क्रिया टिकून राहिली.

तात्पर्य, शुद्धीकरणाने संशयित सापडतो. निर्णय उत्परिवर्तनाने होतो. धाराशिवसारख्या जिल्ह्यातील पदवी वर्गात महागड्या उपकरणांविनाही हा विवेक शिकविता येईल. त्यासाठी अध्यापकांनी निष्कर्षाबरोबर त्यामागील पुरावाही फळ्यावर मांडावयास हवा.