मोझांबिकची काजूबी : एका हिशेबाची फेरतपासणी

समाजवाद सोडलेल्या आफ्रिकी देशांविषयी लिहिताना दोनच सूर लावले जातात. एक म्हणतो, बाजाराने देश सावरला. दुसरा म्हणतो, जागतिक बँकेने तो बुडवला. मोझांबिकच्या काजूचा इतिहास तपासताना मला दोन्ही अपुरे वाटतात.

१९७५ साली हा देश पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला. १९७७ मध्ये सत्ताधारी फ्रेलिमो पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. सत्तरच्या दशकाच्या आरंभी काजू उत्पादनात जगात अग्रेसर असलेला हा देश पुढे पार मागे पडला. रेनामो बंडखोरांशी चाललेले युद्ध हे मोठे कारण खरेच. पण सरकारी खरेदीचा भाव पडका होता आणि हाती पैसा आला तरी गावच्या दुकानात घेण्यासारखे काही नव्हते. मग बी वेचायची कशासाठी? १९८७ मध्ये आर्थिक पुनर्रचना सुरू झाली, १९८९ मध्ये पक्षाने मार्क्सवाद सोडला, १९९२ मध्ये शांतता करार झाला. १९९४ च्या बहुपक्षीय निवडणुकीनंतरही सत्ता मात्र फ्रेलिमोकडेच राहिली.

कच्च्या काजूबीच्या निर्यातीवरील बंदी उठली होतीच; १९९५ च्या सुमारास निर्यातकर घटवण्याची अट बँकेने घातली. कारखान्यांना स्वस्त बी मिळावी म्हणून शेतकऱ्याने कमी भाव का घ्यावा, हा तिचा प्रश्न रास्त होता. पण नुकतेच खासगी मालकांना विकलेले कारखाने एकामागून एक बंद पडले, हजारो कामगार बेकार झाले आणि बी फोडण्यासाठी भारतात येऊ लागली.

मार्गारेट मॅकमिलन, दानी रॉड्रिक आणि कॅरेन हॉर्न वेल्च यांनी २००२ मध्ये याचा हिशेब मांडला. काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाचा लाभ निघाला वर्षाला जेमतेम पाच डॉलर. बँकेला तिच्याच भाषेत दिलेले हे उत्तर मोलाचे आहे. सुधारणा टिकेल असा विश्वास शेतकऱ्यांत निर्माण झाला नाही, हेही ते नोंदवतात. माझा आक्षेप इथे आहे : हा अविश्वास नव्वदच्या दशकातला नव्हे. काजूचे झाड फळायला काही वर्षे लागतात. भाव आधी मापुटोत ठरला, मग धोरण वॉशिंग्टनहून आले. दोन्ही वेळा शेतकऱ्याला कोणी विचारले नाही. अशा माणसाने नवे झाड कोणाच्या भरवशावर लावावे?

कोकणातही आयात बीवर कर हवा की नको, यावर बागायतदार आणि कारखानदार यांचे जमत नाही. पण आपले बागायतदार निदान संघटित होऊन मागणी तरी करतात. मोझांबिकमध्ये अर्थव्यवस्था बदलली, घटना बदलली. काजू पिकवणाऱ्याच्या मताला किंमत आली नाही. पाच डॉलरांच्या हिशेबात न मावणारी उणीव ती हीच.