पुलावर हरवलेला ‘आम्ही’

गेल्या वर्षी एका गुजराती कथेच्या अनुवादाचा पहिला खर्डा मी घाईत यंत्राकडून करून घेतला. वाक्यं ओघवती होती. तिसऱ्या वाचनात मात्र एका संवादाशी अडखळले. वस्तीतली म्हातारी सरपंचाला सुनावते, ‘आम्ही तीन दिवस पाण्याविना आहोत.’ खर्ड्यात होतं, ‘आपण तीन दिवस पाण्याविना आहोत.’ एका सर्वनामानं सरपंचही तहानलेल्यांत जाऊन बसला. आरोपाची सामाईक कुरकुर झाली.

ऐकणाऱ्याला वगळणारा ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारा ‘आपण’ हा भेद गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा आहे. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनम’ आहेत. तमिळमध्येही तो आहे. इंग्रजीच्या ‘वी’मध्ये तो नाही. अनेक यंत्रभाषांतर प्रणाली दोन भारतीय भाषांमध्ये इंग्रजीचा पूल वापरत आल्या आहेत. सुरतेहून मुंबईला लंडनमार्गे यावं, तसं हे. ‘अमे’ पुलावर ‘वी’ होतो आणि पलीकडे पोचल्यावर तो कोणाचा, याचा नुसता अंदाज उरतो. ‘तू’, ‘तुम्ही’ यांचीही ‘यू’मधून जाताना तीच गत.

इंग्रजीमार्गे अनुवाद मराठीला नवे नाहीत. कितीतरी रशियन साहित्य आपण तसंच वाचलं. पण तिथे इंग्रजी प्रत अनुवादकाच्या टेबलावर उघडी असे. आपण कुठून आलो, हे त्याला ठाऊक असे. इथे पूल दिसतच नाही.

चुकीपेक्षा मला माझ्या वाचनाची काळजी वाटली. वाईट भाषांतर अडखळतं, म्हणून सापडतं. हे गुळगुळीत होतं. तयार खर्डा समोर असला की मी मूळ कथा वाचत नव्हते, खर्डा मुळाशी ताडून पाहत होते. दोन वाचनांत ती म्हातारी मला ऐकूच आली नव्हती. वाचलेला वेळ नेमका तिच्या वाट्याचा होता.

आता मी मूळ पान आधी मोठ्यानं वाचते. कोण कोणाशी बोलतंय आणि ‘आम्ही’त कोण नाही, ते पेन्सिलीनं समासात लिहिते. यंत्र त्यानंतर, तेही शब्दकोशासारखं. बहुभाषी नियतकालिकांनी अनुवादकाच्या नावासोबत अनुवाद कोणत्या भाषेमार्गे आला, हेही छापावं. पूल वापरायला हरकत नाही. वाचकाला तो दिसायला हवा.