'उंबरठा'मधल्या राणीचा ताबा

आमच्या लातूरकडे शेताचा ताबा असतो, तसाच घटस्फोटात मुलांचाही. जब्बार पटेलांचा 'उंबरठा' (१९८२) परवा पुन्हा मोबाइलवर पाहताना हाच शब्द खटकत राहिला. सुलभा महिलाश्रमाच्या नोकरीसाठी बाहेर पडते, मुलगी राणी जावेकडे वाढते. शेवटी सुलभा घर सोडते, तेव्हा स्मिता पाटीलच्या चेहऱ्यावरून नजर हलत नाही. राणी मात्र पटकथेत आईनं मोजलेली किंमत एवढीच उरते. सिनेमात कोर्ट नाही, तरी ताबा ठरतो: घर बापाचं, म्हणून पोर तिथंच. १९५६चा हिंदू पालकत्व कायदा मुलाचं हित सर्वोच्च मानतो. पालक म्हणून मात्र आधी बाप, मग आई. नांदेडला आई, लातूरला बाबा आणि दोन्हीकडे टूथब्रश असलेल्या पोराला हा शेवट विजयाचा वाटेल?