संसारातली विद्यार्थिनी आणि दलित आत्मकथन

दलित आत्मकथनांवर आजवर जे लिहिले गेले त्यात शाळेचा उल्लेख नाही असा लेख शोधून सापडणार नाही. ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘उपरा’ (१९८०), ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या क्रमाने जी पुस्तके आली त्यांनी शाळा हे दलित माणसाच्या आयुष्यातले पहिले रणांगण म्हणून मराठी वाचकापुढे उभे केले. पाटी, फी, भूक, वसतिगृह, मास्तरांची जात आणि पोराची जात. समीक्षेनेही हे सारे मनापासून उचलले. ते योग्यच झाले. परंतु हे करताना समीक्षेने एक गोष्ट न तपासता गृहीत धरली. शिक्षण म्हणजे बालपण, आणि फार तर तारुण्य. पोर शाळेत गेले, मार खाल्ला, टिकले, पदवीधर झाले, नोकरीला लागले की शिक्षणाचा विषय संपला. पुढची पाने नोकरीची, चळवळीची, शहरातल्या खोलीची आणि जात विचारणाऱ्या घरमालकाची.

मग जी माणसे ३८ व्या, ४५ व्या वर्षी वही घेऊन वर्गात येतात ती कोणत्या साहित्यात आहेत?

आपल्या इतिहासात ती नाहीत असे नाही. उलट तो इतिहास त्यांच्यापासूनच सुरू होतो. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली रात्रीची शाळा काढली ती दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी. बाबासाहेब १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतले. १९२० साली सिडनेहॅम कॉलेजातली प्राध्यापकी सोडून, स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना यांच्याकडचे कर्ज यांवर ते पुन्हा गेले, तेव्हा ते २९ वर्षांचे, संसारी गृहस्थ होते. आपण त्यांच्या पदव्यांची यादी तोंडपाठ म्हणतो. अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला परत गेलेला विद्यार्थी म्हणून त्यांच्याकडे कितीदा पाहतो? आणि मागे रमाबाई परळच्या चाळीत होत्या, हेही त्याच वाक्यात सांगावे लागते. १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले आणि सकाळचे वर्ग ठेवले. कारकून, शिपाई, गिरणीतली माणसे सकाळी वर्गात बसून मग कामावर जात. नोकरदार विद्यार्थी हा त्या संस्थेच्या कल्पनेतच होता, अपवाद म्हणून नव्हे.

साहित्यात मात्र त्याच्या वाट्याला रूपके आली. नारायण सुर्व्यांच्या संग्रहाचे नाव ‘माझे विद्यापीठ’ (१९६६). हे नाव आपल्या भाषणांत इतके रुजले की रस्ता हेच विद्यापीठ, गिरणी हेच विद्यापीठ असे कोणीही उठून म्हणू लागला. सुर्वे स्वतः महापालिकेच्या शाळेत शिपाई होते आणि त्यांनी सातवीची परीक्षा देऊन शिक्षकाची नोकरी मिळवली, याचा उच्चार त्या टाळ्यांत होत नाही. रस्त्याने शिकवले हे खरे. पण रस्ता दाखला देत नाही, आणि ते कवीला माहीत होते. मला तर असे वाटते की ज्यांच्या घरात तीन पिढ्यांच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या आहेत त्यांनाच रस्त्याचे विद्यापीठ फार आवडते.

शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) मधील नाजा दहा वर्षे मास्तरीण म्हणून काम केल्यावर १९५२ साली दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला जाते. दलित स्त्रीच्या आत्मकथनात नोकरी, संसार आणि पुन्हा विद्यार्थीपण एकत्र आल्याचा हा फार आधीचा दाखला. समीक्षकांनी या पुस्तकातली भूक पाहिली, बोली पाहिली. बेबीताई कांबळ्यांचे ‘जिणं आमुचं’ त्याच वर्षी पुस्तकरूपाने आले. फलटणच्या दुकानात माल बांधायला आलेली रद्दी त्या वाचत, आणि जे लिहीत ते घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवत. ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) मधला बाप मुंबई पोर्ट ट्रस्टचा कामगार; निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून त्याने आपले आयुष्य लिहून काढले. या तिघांना शेजारी ठेवले तर एक फरक डोळ्यांत भरतो. बापाने उतारवयात लेखणी धरली त्याचे घराला कौतुक. बाईने धरली ती लपवावी लागली.

या दृष्टीने ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) पुन्हा वाचले पाहिजे. पुस्तकाचे नाव आईच्या हातातल्या बांबूच्या कामावरून आले आणि त्यामुळे बहुतेक चर्चा आईभोवती, कोकणातल्या वाडीभोवती फिरते. परंतु या पुस्तकाचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुंबईचा. सरकारी खात्यातली नोकरी, मुले, स्वयंपाक हे सारे चालू असताना लेखिका मराठी विषय घेऊन एम. ए. करायचे ठरवते. नवऱ्याचे म्हणणे असे की घरातली सगळी कामे उरकून जमत असेल तर खुशाल शीक. यात मारहाण नाही, पुस्तके फाडणे नाही. परवानगीच आहे! आणि म्हणूनच हा प्रसंग भेदक आहे. नवरा आंबेडकरी विचाराच्या घरातला, ‘शिका’ हा शब्द त्याने शेकडो वेळा ऐकलेला. तो शब्द मुलांना लागू, बायकोला अटींवर लागू. दलित पुरुषाच्या आत्मकथनात शाळेच्या दाराशी सवर्ण मास्तर उभा असतो. इथे दाराशी आपलाच माणूस उभा आहे, आणि तो दार अर्धे उघडून धरतो.

अशा ठिकाणी ‘विद्रोह’ हा आपल्या समीक्षेचा आवडता शब्द अपुरा पडतो. पवारांची नायिका नकार देत नाही. ती पोळ्या करते आणि वाचते. तिच्या नकाराला आवाज नाही म्हणून तो नाही असे म्हणायचे काय? ज्या समीक्षेला फक्त घोषणा ऐकू येते तिने आपले कान तपासावेत.

हे मी न्हावा शेव्याच्या परिसरात शिकवतो म्हणून अधिक जाणवते. बंदराचे नाव घेताना आपण खरे तर दोन गावांची नावे घेतो. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथला शेतकरी भूसंपादनाविरुद्ध उभा राहिला, गोळीबारात पाच माणसे गेली, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. १९८९ साली बंदर सुरू झाले. तो लढा थोरच होता. पण साडेबारा टक्के कशाचे? सातबाऱ्यावर नाव असेल त्याच्या जमिनीचे. बौद्धवाड्यातला मजूर, मिठागरात टोपल्या वाहणारी बाई, कातकरी यांचे नाव कोणत्या उताऱ्यावर होते? शून्याचे साडेबारा टक्के शून्यच. त्यांच्या वाट्याला कंटेनर यार्डातली झाडलोट आली, गोदामातले पॅकिंग आले, कँटीन आले, तेही ठेकेदाराकडून. आता ठेकेदारही दहावीचा दाखला मागतो. आमच्याकडच्या बायका सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसतात त्याची सुरुवात अशी होते. यात ज्ञानाची तहान वगैरे नसते, पोटाचे कारण असते.

पण दाखला मिळाल्यावर त्यातल्या काही थांबत नाहीत. बारावी होते, बी. ए. ला येतात. हे पोटाच्या कारणाने समजावता येत नाही. ४६ वर्षांच्या बाईला मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. झाल्यावर यार्डात बढती मिळणार नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगले कळते. वर्गातली मुले तिला ‘मावशी’ म्हणतात. प्रेमाने म्हणतात. मात्र व्हरांडा झाडणाऱ्या बाईलाही ती ‘मावशी’च म्हणतात, आणि विद्यार्थिनीला जो एकेरी, नावाचा हाक मारण्याचा हक्क असतो तो तिला कोणी देत नाही. तिला फीच्या पावतीवर आपले पूर्ण नाव छापलेले पाहायला आवडते, हे मी पाहिले आहे.

कोणी म्हणेल, यासाठी मुक्त विद्यापीठ आहे ना. आहे. १९८९ साली, बंदर सुरू झाले त्याच वर्षी, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले आणि बारावी न झालेल्यांसाठी त्याने पूर्वतयारी शिक्षणक्रम आणला. हजारो घरांतल्या पहिल्या पदव्या त्या वाटेने आल्या. त्याला नावे ठेवणारा मी नव्हे. माझे भांडण त्याच्या ब्रीदाशी आहे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’. गंगेचे राहू द्या, त्या शब्दाचा सोवळेपणा वेगळा. पण घरोघरी? ज्या बाईला घरातच वेळ नाही, जागा नाही, दिवा नाही, तिच्या घरी पुस्तकांचे पाकीट पाठवून तिचे शिक्षण होते काय? १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी कोणी घागरी भरून घरपोच दिले असते तर आपले पूर्वज मुकाट्याने प्याले असते असे कोणी म्हणेल का? प्रश्न तहानेचा नव्हता, तळ्यावर जाण्याचा होता. या बायकांनाही वर्ग हवा असतो. बाक, हजेरी, फळा, आणि दीड तास ज्यात कोणी चहा मागणार नाही अशी जागा.

जागेपर्यंत पोचणेही सोपे नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला, सुमारे २२ किलोमीटरचा. त्याच्यावर दुचाकीला आणि रिक्षाला परवानगी नाही. सेतू आमच्या दारात आहे. आमची वाहने त्याच्यावर चढत नाहीत. त्याच सुमारास उरणपर्यंत लोकल आली ती मात्र कामाची. दुसरी पाळी संपवून येणाऱ्या दोघी आता तिसऱ्या तासाऐवजी दुसऱ्या तासाला हजर असतात.

‘आयदान’बद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती आदर राखूनच नोंदवतो. लेखिका एम. ए. चा प्रसंग सांगते, नवऱ्याची अट सांगते. परंतु वर्गातले ते दिवस, तिथे तिने काय वाचले, कोणते पुस्तक तिला खोटे वाटले, हे तिने फार थोडक्यात उरकले. संसारी बाई साहित्य शिकायला बसते तेव्हा साहित्याचे काय होते, हा प्रश्न तिच्याइतका अधिकाराने कोणीच हाताळला नसता. माझ्या वर्गात एकीने नवऱ्याच्या त्या अटीवर उत्तर लिहिताना म्हटले होते की अट घातली म्हणजे कामे कधीतरी संपतात असे त्या गृहस्थांना वाटत असणार. एवढी नेमकी समीक्षा मी छापील पुस्तकात वाचलेली नाही.

तेव्हा नवे आत्मकथन येईल याची वाट पाहत बसण्यापेक्षा दुसरीकडे शोधावे. करळ, सोनारी, जसखार, फुंडे या गावांतून बचतगटांच्या वह्या आहेत. ठराव, हप्ते, कोण गैरहजर आणि का, हे सारे त्यात बायकांच्या हाताने लिहिलेले असते. त्यातल्या तीन मी वाचल्या. एकीत कर्जाच्या हप्त्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवर इतिहासाच्या पेपरासाठी काढलेले टाचण आहे, आणि समासात, वेगळ्या शाईने, गॅस सिलिंडर आणल्याची तारीख.