पेटंट कुणाला थांबवतं?

आज सुरुवात एका फ्लेक्सपासून करू. आमच्या घराजवळच्या एका महाविद्यालयाच्या फाटकावर तो लागला होता. प्राध्यापकांचे फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'पेटंट मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. आत ओळखीचा एक तरुण प्राध्यापक भेटला, त्याला आम्ही विचारलं, कशाचं पेटंट? तो जरा ओशाळून म्हणाला, "सर, मिळालेलं नाही अजून. प्रसिद्ध झालंय."

हा फरक समजून घेऊ. आपल्या कायद्यानुसार पेटंटचा अर्ज केला की तो १८ महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. वेगळं शुल्क भरून विनंती केली तर आधीही होतो. त्यात नवं काय आहे, हे तोवर कुणी ठरवलेलं नसतं. त्याचं परीक्षण नंतर, आणि तेही मागितलं तरच. तेव्हा प्रसिद्धीचं अभिनंदन म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला म्हणून पेढे वाटणं. पण त्या प्राध्यापकाला आम्ही हसणार नाही. राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, प्रसिद्ध झालेली आणि मंजूर झालेली अशी दोन्ही पेटंटं मोजली जातात. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे. मोजणारा जे मोजतो तेच पिकतं.

मात्र आमची तक्रार याहून खोल आहे. उद्या प्रत्येक अर्ज मंजूर झाला, तरी आम्ही म्हणू की आपण पेटंट चुकीच्या भिंतीवर टांगलं आहे. पदक टांगतात त्या भिंतीवर.

मराठीत पेटंटला 'एकस्व' असा शब्द आहे. शासकीय आहे, कुणी वापरत नाही, पण अर्थाला पक्का आहे. एकाचंच स्व. उलट इंग्रजी शब्दाच्या मुळाशी जी लॅटिन क्रिया आहे, तिचा अर्थ 'उघडं असणं'. राजाचं उघडं पत्र, कुणीही वाचावं असं. या दोन शब्दांत मिळून सगळा सौदा आला बघा. तुम्ही तुमची युक्ती जगासमोर उघडी करा, आणि त्या बदल्यात २० वर्षं ती एकट्याची ठेवा. आता 'एकट्याची' म्हणजे काय? पेटंटने वस्तू बनवण्याची परवानगी मिळते असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. पेटंटने मिळतो तो दुसऱ्याला थांबवण्याचा हक्क. मग विद्यापीठाला विचारायचा प्रश्न 'किती पेटंटं' हा कसा असेल? तुम्ही कुणाला थांबवलंत, हा प्रश्न आहे.

या प्रश्नाची उत्तरं इतिहासात फार वेगवेगळी मिळतात. टोरोंटोत १९२१-२२ मध्ये इन्सुलिन सापडलं. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंटाचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलरला दिले. ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगितली जाते. ती आहेच, पण तिच्यातली अक्कल राहून जाते. त्यांचा युक्तिवाद असा होता, की आपण पेटंट घेतलं नाही तर दुसरा कुणी घेईल आणि औषध अडवून धरेल. म्हणजे त्यांनी थांबवण्याचा हक्क घेतला तो थांबवणाऱ्याला थांबवण्यासाठी. शिवाय त्या हक्काच्या जोरावर विद्यापीठाला उत्पादकांच्या मालाची प्रतही तपासता आली.

थोड्याच वर्षांत विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी स्टीनबॉक यांनी अतिनील किरणांनी अन्नात ड जीवनसत्त्व तयार करण्याची पद्धत शोधली. मुडदूस झालेल्या मुलांसाठी केवढी मोठी गोष्ट! पेटंट सांभाळायला १९२५ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी एक प्रतिष्ठान काढलं, पैसा संशोधनात लावला. सगळं उत्तम. पण मार्गरिन बनवणाऱ्यांना परवाना नाकारला! कारण विस्कॉन्सिन हे गवळ्यांचं राज्य, लोण्याचा धंदा सांभाळायचा होता. मार्गरिन कोण खात होतं? ज्यांना लोणी परवडत नव्हतं ते. मुडदूसही त्यांच्याच घरी जास्त. पुढे १९४० च्या दशकात न्यायालयाने ती पेटंटं अवैध ठरवली.

आता जरा थांबून एका औषधाकडे नीट पाहू, कारण त्यात आपली मुंबईही आहे. स्टॅव्हुडिन. हे संयुग १९६० च्या दशकात अमेरिकेत जेरोम हॉर्विट्झ यांनी कर्करोगासाठी बनवलं होतं. उपयोग झाला नाही, त्यांनी पेटंटही घेतलं नाही. १९८० च्या दशकात येल विद्यापीठात विल्यम प्रुसॉफ आणि त्यांचे सहकारी लिन यांना दिसलं, की ते एचआयव्हीवर चालतं. येलने या उपयोगाचं पेटंट घेतलं आणि ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीला एकमेव परवाना दिला. १९९४ मध्ये औषध बाजारात आलं, येलला रॉयल्टी सुरू झाली.

फेब्रुवारी २००१. मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा एकत्रित उपचार माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ला देऊ केला. श्रीमंत देशांत त्याच उपचाराला दहा हजार डॉलरच्या वर पडत होते. त्या तिघांतलं एक स्टॅव्हुडिन. सिप्लाला ते बनवता आलं, कारण १९७० च्या आपल्या कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हतं. ते २००५ मध्ये आलं. दक्षिण आफ्रिकेत मात्र पेटंट होतं आणि ते येलच्या नावावर होतं. संस्थेने येलला पत्र लिहिलं. येलचं पहिलं उत्तर असं, की आम्ही एकमेव परवाना देऊन बसलो आहोत, कंपनीला विचारा.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला या उत्तराशी थांबावंच लागतं. ज्याच्या नावावर हक्क, तो म्हणतो हक्क माझ्याकडे नाही. कायद्याने ते बरोबर असेल. पण असा परवाना लिहिला कुणी? सही कुणाची? येलच्या विद्यार्थ्यांनी नेमकं हेच धरलं. स्वतः प्रुसॉफ यांनीही वृत्तपत्रात लिहून, औषध आफ्रिकेत स्वस्त वा फुकट मिळावं, अशी बाजू घेतली. मार्चच्या मध्यात कंपनीने जाहीर केलं, की दक्षिण आफ्रिकेत पेटंटच्या जोरावर कुणाला अडवणार नाही. जे येलला जमत नव्हतं ते महिन्याभरात जमलं. (पुढे या औषधाचे दुष्परिणाम कळले आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते कमी करत न्यायला सांगितलं. पण २००१ मध्ये दुसरं स्वस्त काय होतं?)

इथे समोरून एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. एकमेव परवाना नसता तर माणसांवरच्या चाचण्यांचा खर्च कोणी केला असता? अमेरिकेचा १९८० चा बाय-डोल कायदा याच विचारावर उभा आहे. सरकारी पैशातून लागलेला शोध विद्यापीठाच्या नावावर करा, म्हणजे तो कपाटात पडून राहणार नाही. आम्हाला हे मान्य आहे. पेटंट न घेणं म्हणजे सात्त्विकता, असंही आम्ही मानत नाही. ऑक्सफर्डचंच बघा. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने तिथे लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा विद्युत्-अग्र सिद्ध केला. आज आपल्या खिशातला फोन त्या वंशातल्या बॅटरीवर चालतो. विद्यापीठाने पेटंटचा खर्च करायला नकार दिला. शेवटी हार्वेलच्या अणुसंशोधन संस्थेने ते घेतलं, आणि त्यासाठी गुडइनफ यांना आपला आर्थिक हक्क सोडावा लागला. १९९१ मध्ये सोनीने बॅटरी बाजारात आणली. नोबेल आलं २०१९ मध्ये, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. ऑक्सफर्डच्या हातात उरलं काय? भिंतीवरची निळी पाटी.

तेव्हा घ्या पेटंट. पण 'एकमेव' हा शब्द तोडता येतो. अमुक देशापुरता, अमुक उपयोगापुरता, अमुक वर्षांत माल बाजारात आला नाही तर परत. चाचण्यांचा खर्च करणाऱ्याला न्यूयॉर्कची बाजारपेठ हवी असते. डर्बनचा रुग्ण त्याच्या नफ्याच्या हिशेबात जवळजवळ नसतोच. मग त्याला अडवण्याचा हक्क का विकायचा? हे सगळं परवान्याच्या मसुद्यात ठरतं, आणि तो मसुदा आपल्याकडे कुणी पाहत नाही, मागतही नाही. २००८ मध्ये सार्वजनिक निधीतल्या संशोधनाच्या मालकीचं विधेयक राज्यसभेत आलं होतं. ते पुढे मागे घेतलं गेलं, आणि चर्चाही त्याबरोबर मिटली.

काही वर्षांपूर्वी एका समितीवर आम्ही होतो. नाव सांगत नाही. छापील तक्त्यात रकाना होता, 'पेटंट : संख्या'. एका प्राध्यापिकाबाईंनी हाडांच्या रोपणासाठी एका लेपावर खरंच चांगलं काम केलं होतं. आम्ही विचारलं, बाई, तुमचं पेटंट कुणाला काय करण्यापासून अडवतं? त्या क्षणभर गप्प झाल्या. म्हणाल्या, "सर, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. एका कंपनीने मागितलं होतं, पण परवाना कसा लिहायचा ते इथे कुणालाच माहीत नाही. नूतनीकरणाचं शुल्क यंदा भरलं जाईल का, तेही माहीत नाही."

तक्त्यात आणखी दोन रकाने घालावेत असं आम्ही सुचवलं. परवाना कुणाला दिला, आणि कुणाला नाकारला. अध्यक्षांनी सूचना नोंदवून घेतली. पुढच्या वर्षीचा तक्ता आम्ही मुद्दाम मागवून पाहिला. एक रकाना वाढला होता. 'पेटंट : प्रसिद्ध'.