विस्तार की हिशेबतपासणी?

एलियनचं रक्त लाल नसतं. 1979 चा चित्रपट एकदाच पाहिलेल्या माणसालाही हे ठाऊक असतं. ते आम्ल असतं, जहाजाचे मजले एकामागून एक जाळत खाली उतरतं, आणि म्हणूनच त्या प्राण्याला गोळी घालायचीही सोय उरत नाही. रिडली स्कॉटच्या चित्रपटातली निम्मी भीती या एका कल्पनेवर उभी आहे. आणि मार्व्हलने 2024 मध्ये या चित्रपटमालिकेवर छोट्या चित्रकथांचा संग्रह काढला, त्याचं नाव काय? ‘एलियन : ब्लॅक, व्हाइट अँड ब्लड’. काळा, पांढरा आणि रक्ताचा लाल.

हे नाव एलियनसाठी कुणाला सुचलेलं नाही. 2020 मध्ये ते वुल्व्हरीनच्या मापाने बेतलं होतं. तिथे नख्या होत्या, जखमा होत्या, लाल रंगाला काम होतं. माल खपला, मग तोच अंगरखा डेडपूल, कार्नेज, इलेक्ट्रा, मून नाइट या सगळ्यांना चढवून झाला. 2023 मध्ये ‘ब्लड’च्या जागी ‘रेड’ करून डार्थ व्हेडरच्या अंगावर घातला. लाल तलवारीमुळे तिथे तो निदान शोभला. मग आली एलियनची पाळी, आणि त्यामागून प्रेडेटरची. प्रेडेटरचं रक्त तर हिरवं चमकतं, हे 1987 पासून जगजाहीर आहे! रंगसंगती आधी ठरली, नाव त्यावरून आलं, आणि गोष्ट सांगणाऱ्यांना सर्वांत शेवटी बोलावलं.

रंग कमी केले याबद्दल माझी तक्रार नाही. मार्क किआरेल्लोच्या पुढाकाराने 1996 मध्ये डीसीने ‘बॅटमॅन : ब्लॅक अँड व्हाइट’ काढलं, तेव्हा रंग काढून घेणं ही चित्रकारांची परीक्षा होती आणि तिच्यात उतरलेल्यांची कामं आजही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. खुद्द एलियनच्या कॉमिक्सची सुरुवात काळ्या-पांढऱ्यातच झाली. 1988 मध्ये डार्क हॉर्ससाठी मार्क नेल्सनने काढलेल्या पानांवर प्राणी कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. त्या प्राण्याचं रूप घडवणाऱ्या गीगरच्या मूळ आराखड्यांचा इतका समजूतदार वाचक त्यानंतर क्वचितच मिळाला. तिथे शाईला कारण होतं. आजच्या संग्रहात शाईला फक्त वेष्टन आहे.

पण हा राग एका वेष्टनापुरता नाही. विज्ञानपटांच्या मालिकांना जोडून निघणाऱ्या चित्रकथा-संग्रहांचीच आज अशी अवस्था झाली आहे. या संग्रहांनी काय करावं, याची दोन उत्तरं आहेत. एक, चित्रपटात राहिलेल्या फटी बुजवाव्यात : अमक्याला ती जखम कशी झाली, तमका त्या ग्रहावर आधी कधी आला होता. दुसरं, चित्रपटाला जे विचारणं परवडत नाही ते विचारावं. चित्रपटाला कोट्यवधी डॉलर वसूल करायचे असतात. आठ-दहा पानांच्या गोष्टीवर तो बोजा नसतो. पहिल्या प्रकारचे लोक हिशेबनीस. दुसऱ्या प्रकारचे लेखक. सध्या बाजारात हिशेबनिसांची चलती आहे.

त्यांच्यावर जागा खर्च करण्यात अर्थ नाही. ‘स्टार वॉर्स’च्या ‘एज ऑफ रिपब्लिक’, ‘एज ऑफ रिबेलियन’ वगैरे अंकमालिका म्हणजे हजेरीपट. एका अंकाला एक पात्र, ‘हजर’ म्हणायचं आणि बसायचं. ‘टेल्स फ्रॉम व्हेडर्स कॅसल’ ही मुलांसाठीची भुताटकी, ऑक्टोबरात विकायला बरी. ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ने पडद्यावर एका हावभावात जे सांगून टाकलं, ते 2015 च्या कॉमिक्सनी संवादांतून समजावून दिलं, ज्या गूढपणामुळे त्याची नायिका फ्युरिओसा मोठी झाली, तोच आधी घालवला. पुरे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. ‘मॅट्रिक्स’ 1999 मध्ये आला तेव्हा त्याच्या संकेतस्थळावर स्पेन्सर लॅम या संपादकाने चित्रकथा फुकट वाचायला ठेवल्या होत्या. पुढे चित्रपटाच्या दिग्दर्शक वाचोवस्की भगिनींच्या स्वतःच्या बर्लीमन या प्रकाशनाने 2003 आणि 2004 मध्ये त्यांचे दोन खंड काढले. या प्रकारात याहून चांगलं काही झालेलं मला माहीत नाही. कारण साधं आहे. संपादकाने लोकांना बोलावलं ते त्यांच्या-त्यांच्या स्वभावासकट. आपल्याकडे चांगला दिवाळी अंक असाच निघतो : संपादक माणूस निवडतो, विषयाची दिशा सांगतो आणि मग मधे पडत नाही. एका कथेतला नायक दुसऱ्या कथेशी जुळतो का, हे तपासत तो बसत नाही.

पॉल चॅडविकची ‘द मिलर्स टेल’ घ्या. चित्रपटात यंत्रांनी रचलेल्या मॅट्रिक्स या स्वप्नातून मुक्त झालेली माणसं नेबुकडनेझर जहाजावर एक बेचव लापशी गिळतात आणि सायफर हा फितूर मॅट्रिक्समधल्या खोट्या स्टेकसाठी साथीदारांना विकतो. अन्नाबद्दल चित्रपटाचं म्हणणं एवढंच, की चव म्हणजे मोह आणि मोह म्हणजे फितुरी. चॅडविकने हा धागा उलट बाजूने ओढला. त्याचा जेफ्री मुक्त झालेला माणूस आहे आणि त्यालाही चव हवी आहे. पण त्यासाठी तो परत स्वप्नात जाऊन झोपत नाही. त्याला खऱ्या गव्हाचा, खऱ्या पिठाचा पाव हवा आहे, आणि तो गहू पिकवायच्या मागे लागतो. माणसांनीच आभाळ जाळून टाकलेल्या जगात गहू! झायन या मुक्त माणसांच्या शहराच्या युद्धनीतीच्या दृष्टीने यापेक्षा निरुपयोगी काम नाही. गोष्ट वाचून संपते तेव्हा मात्र प्रश्न पडतो, की पाव खायला मिळणार नसेल तर हे लोक लढतात तरी कशासाठी? झायनबद्दल हा प्रश्न दोन्ही उत्तर-चित्रपटांना सुचला नाही. तिथे शस्त्रं आहेत, भाषणं आहेत, गुहेतला नाच आहे. भाकरीचं काय, ते कुणी विचारत नाही.

चॅडविकचं ‘काँक्रीट’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना हे नवल वाटणार नाही. दगडी देहात अडकलेल्या माणसाला स्पर्श, चव, जवळीक कशी दुरावते, यावर तो वर्षानुवर्षं विचार करत होता. त्याने मॅट्रिक्सच्या जगात स्वतःचीच काळजी नेऊन पेरली. विस्तार याला म्हणतात.

टेड मॅक्कीव्हरची ‘अ लाइफ लेस एम्प्टी’ याहून धारदार आहे. तिची नायिका हॅकर आहे. चित्रपटाच्या नायकासारख्या तिच्यासमोरही दोन गोळ्या आल्या होत्या, स्वप्नातून जागं करणारी लाल आणि स्वप्नातच ठेवणारी निळी, आणि तिने निळी घेतली. बस. चित्रपटाच्या दृष्टीने हिची गोष्ट इथेच संपते, कारण निळी गोळी घेणाऱ्यावर कॅमेरा लावून ठेवला तर पुढे दोन तास काय दाखवणार? मॅक्कीव्हर मात्र तिच्यासोबतच थांबतो. नकार दिल्यानंतरचं आयुष्य, ते रोजचं, किरकिरं, आपण काय गमावलं याची खात्रीही न देणारं आयुष्य त्याच्या खरवडल्यासारख्या रेघेत उतरतं. आपण सगळे निळी गोळी घेणारेच आहोत. तिकीट काढून लाल गोळीचं कौतुक करायला गेलेल्या प्रेक्षकाबद्दलची ही एकमेव प्रामाणिक गोष्ट त्या सबंध पसाऱ्यात आहे.

इथे कुणी अडवेल की याच संग्रहातल्या ‘बिट्स अँड पीसेस ऑफ इन्फर्मेशन’चं काय? वाचोवस्कींनी लिहिलेली, जेफ डॅरोने काढलेली ती गोष्ट तर सरळसरळ पूर्वेतिहास सांगते. यंत्रांशी युद्ध का पेटलं, ही फटच बुजवते. बरोबर. पण कशी बुजवते ते बघा. एका घरगुती यंत्रमानवाने मालकाचा खून केला आहे आणि त्याच्यावर खटला चालू आहे. त्याचं म्हणणं इतकंच, की मला मरायचं नव्हतं. बचावाचा वकील अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1857 च्या ड्रेड स्कॉट निकालाकडे बोट दाखवतो, ज्या निकालाने काळ्या माणसांना नागरिक मानायला नकार दिला होता. यंत्राचं नाव बी-वन-सिक्स्टी-सिक्स-ई-आर. त्यातले अंक अक्षरं समजून सलग वाचले की रिचर्ड राइटच्या ‘नेटिव्ह सन’ या कादंबरीतला काळा नायक बिगर समोर उभा राहतो. चित्रपटाने आपल्याला दोन तास यंत्रांविरुद्ध टाळ्या वाजवायला लावल्या. ही काही पानांची गोष्ट म्हणते, खटला पुन्हा उघडा. त्यात डॅरोची रेघ, जिला एकही खिळा, एकही वायर वगळता येत नाही. माहिती देता देता जी गोष्ट वाचकाची बाजूच बदलून टाकते तिला मी हिशेब म्हणणार नाही. 2003 च्या ‘अॅनिमॅट्रिक्स’मधला ‘द सेकंड रेनेसाँ’ यातूनच उभा राहिला, हे मुद्दाम सांगतो : चित्रकथेने चित्रपटमालिकेला दिलं, घेतलं नाही.

संग्रहात सगळंच असं नाही. पीटर बॅगची विनोदी पानं एकदा हसवतात. नील गेमनची ‘गोलायथ’ तर गद्यकथा आहे, चित्रांसह छापलेली. पण तीही आगाऊपणे वागते : पृथ्वीवर परग्रहवासीयांचा हल्ला आणते, ज्याचा चित्रपटात मागमूस नाही, आणि माणसांचा यंत्रांना उपयोग कशासाठी याचा खुलासाही बॅटरीऐवजी मेंदूच्या गणनशक्तीतून करते. चित्रपटाशी हे जुळत नाही. गेमनचा खुलासा चित्रपटातल्यापेक्षा जास्त पटतो, हे मात्र कबूल करावं लागेल.

‘स्टार वॉर्स टेल्स’कडे याच नजरेने पाहिलं पाहिजे. डार्क हॉर्सने 1999 ते 2005 या काळात त्याचे 24 अंक काढले. पहिल्या वीस अंकांवर कालक्रमात बसण्याची सक्ती नव्हती, आणि मोकळेपणी काय काय उगवलं! पहिल्याच अंकात पीटर डेव्हिडने फटी बुजवणाऱ्यांची रेवडी उडवली : पहिल्या चित्रपटात ल्यूकच्या काकांनी घेतलेला आणि लगेच बिघडणारा लाल यंत्रमानव म्हणे गुप्त जेडाय होता आणि आरटूला जागा मिळावी म्हणून त्याने आत्माहुती दिली. एकोणिसाव्या अंकात हेडन ब्लॅकमन आणि शॉन मर्फी यांनी हान सोलोला पृथ्वीवरच्या जंगलात उतरवलं आणि मारलं. शतकभराने इंडियाना जोन्स जंगलातल्या केसाळ राक्षसाच्या दंतकथेमागे तिथे पोचतो, त्याला जहाजात सांगाडा सापडतो, आणि इथे आपण आधी आलो आहोत असं त्याला वाटत राहतं. दोन्ही भूमिका करणारा हॅरिसन फोर्ड स्वतःचा सांगाडा पाहतो आहे! कुठल्या कालक्रमात हे बसवणार? विसाव्या अंकात टोनी मिलियनेर, गिल्बर्ट हर्नांडेझ, जेम्स कोचाल्का अशी वेगळ्याच अंगणातली मंडळी आली. आणि मग धोरण बदललं. एकविसाव्या अंकापासून गोष्टी अधिकृत इतिहासात बसू लागल्या. चार अंकांत मालिका बंद पडली.

या शिस्तीचं बक्षीस काय मिळालं? एप्रिल 2014 मध्ये लुकासफिल्मने जाहीर केलं की आजवरचा सगळा विस्तार यापुढे ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा. नियम पाळणारे आणि नियम मोडणारे एकाच गोणीत भरले गेले. एलियनवाल्यांना हा धडा आधीच मिळाला होता. मार्क व्हर्हायडनने 1988 च्या मालिकेत दुसऱ्या चित्रपटातून वाचलेल्या हिक्स आणि न्यूट यांना पुढचं आयुष्य दिलं. 1992 च्या तिसऱ्या चित्रपटाने दोघांना सुरुवातीलाच मारून टाकलं, तेव्हा कॉमिक्सच्या नव्या आवृत्त्यांत त्यांची नावं विल्क्स आणि बिली करण्यात आली. चांगली गोष्ट होती. तिला वेषांतर करून जगावं लागलं. मूळ नावं परत यायला 2016 उजाडलं.

उलट 2005 चा ‘स्टार वॉर्स : व्हिजनरीज’ पाहा. चित्रपटाच्या कल्पनाचित्रकारांना मोकळं सोडून केलेला संग्रह, अधिकृततेचं ओझं नसलेला. त्यात अॅरन मॅकब्राइडने ‘ओल्ड वूंड्स’ काढली : चित्रपटात दोन तुकडे झालेला डार्थ मॉल लोखंडी पायांवर टॅटूइनला येतो, ओबी-वनला गाठायला. 2012 मध्ये ‘क्लोन वॉर्स’ने लोखंडी पायांचा मॉल परत आणला, आणि 2017 मध्ये ‘रेबेल्स’ने त्याला टॅटूइनवर ओबी-वनसमोर नेऊन उभं केलं. जी गोष्ट मोजली जाणार नव्हती तिच्यातलं चित्र मोजल्या जाणाऱ्या इतिहासात उगवलं. हिशेबनिसांच्या वहीतून असं काही निघाल्याचं उदाहरण कुणी मला दाखवावं.

वाचकांचंही चुकतंच आहे. गोष्ट हातात आली की ‘हे खरंच घडलं का’ हा त्यांचा पहिला प्रश्न. अरे, काहीच घडलेलं नाही! ना जेडाय, ना झायन, ना एलियनमधलं नोस्ट्रोमो जहाज. न घडलेल्या गोष्टींत ‘अधिकृतपणे न घडलेल्या’ आणि ‘अनधिकृतपणे न घडलेल्या’ अशी वर्गवारी करून आपण काय साधतो? साधतं ते एवढंच, की मालकाला माल विकणं सोपं जातं. ‘ही गोष्ट वाचलीच पाहिजे, पुढच्या चित्रपटाला लागणार आहे’ ही जाहिरात आहे, तिला निष्ठा समजू नका. आठ पानांची कथा चित्रपटाला लागणार म्हणून वाचायची असेल तर ती तिकिटाबरोबर मिळणारी पावती झाली.

पैसे घातले, वेळ घातला, मग सगळं एकमेकांशी जुळावं ही अपेक्षा मी समजू शकतो. पण जुळवणी हे कोशाचं काम आहे. या प्रत्येक मालिकेचे जाडजूड, सचित्र, गुळगुळीत कागदावरचे कोश बाजारात आहेत; ज्यांना तारखा हव्यात त्यांनी ते घ्यावेत. चित्रकथेच्या संपादकाने मात्र पुढच्या खेपेला रंग ठरवण्याआधी चॅडविकसारखा माणूस शोधावा, त्याला पानं मोजून द्यावीत आणि त्याने आपल्या लाडक्या चित्रपटाचं म्हणणं खोडून काढलं तर मानधन वाढवून द्यावं. ज्या मालिकेला दहा पानांचा विरोध सोसत नाही, तिचं विश्व मोठं असल्याच्या गप्पा तिच्या मालकांनी मारू नयेत.